नत्थूजीची ठंडी घोडी

नत्थूजी हेडाऊनं घोडीच्या मानेवर हात ठेवून "ठंडी" म्हटलं, का आम्ही रोशनीवाल्या बाया मागं वळून पाहत नव्हतो. झुंबर डोक्यावर घेतलं का चाललो. पाठीमागं नवरदेव, नवरदेवाखाली चार पायाचं जनावर, आन त्या जनावराच्या डोक्यात काय चालू आहे ते आम्हाले थोडीच दिसते! ते नत्थूजीले दिसते, असं आम्ही धरून चालत होतो. वरातीत घोडी बिचकली तं नवरदेव पडते, लोकं धावतात, त्याले उचलतात, पाणी पाजतात. पण बिचकलेली घोडी ज्याइच्या आंगावर जाते, त्या कोण? त्या आम्ही. त्या माणसाच्या एका शब्दावर आमचा जीव होता, हे मी फुगवून नाही सांगून राहिली.

आन तो शब्द त्यानं आयुष्यात एकदाच चुकीचा दिला. कोणाच्या वाट्याले गेला, तेच सांगते.

मी माया वासनिक. इंदोऱ्यात राहते, लग्नाच्या सीझनमध्ये वरातीत झुंबर उचलते. तुम्ही आम्हाले पाहिलं असन, आन नसन पाहिलं तं त्यात काही नवल नाही, लोकं नवरदेवाले पाहतात. दोन रांगा राहतात आमच्या, मधात नाचणारे, त्याइच्या मागं घोडी, सगळ्यात मागं जनरेटरचा ठेला. झुंबरातून झुंबरात वायर जाते. ती वायर आम्ही कमरेले एक वेढा मारून घेतो, नाही तं ठेला कुठं अडकला का झटका सरळ मानेले बसते. हे काही मालकानं शिकवलं नाही. आमच्या आधीच्या बायाइनं शिकवलं, आम्ही पुढच्या पोरीइले शिकवलं. माझ्या पुढं, रांगेत पहिली, नत्थूजीची बायको कामिनी राहत होती. तिच्या कमरेची वायर माझ्या कमरेले येत होती. अशी आमची मैत्री.

नत्थूजीचं घराणं कोष्ट्याचं, तांडापेठेतलं. बापाचा हातमाग होता. लुगडी विकणं बंद झालं, माग मोडला, लाकडं चुलीत गेली. हा तेव्हा जवान पोट्टा. मोमीनपुऱ्यातल्या एका बुढ्या टांगेवाल्याच्या पागेत जाऊन बसला आन घोड्याची लीद काढता काढता घोडा शिकला. मंग ऑटो आले, टांगेही गेले. बुढ्यानं मरताना आपली पांढरी घोडी याच्या हातात दिली. माग गेला, टांगा गेला, वरात राहिली. नत्थूजी वरातीचा घोडीवाला झाला.

माणूस कमी बोले, पण घोडीशी भल्ला बोले. "खाय वं माय, खाय, मंग जाऊ," असं चालू राहत होतं त्याचं. कामिनी म्हणे, "पाह्य वं माया, माझ्याशी इतकं गोड बोलले असते ना, तं मी झुंबरच काय, ठेलाही डोक्यावर घेतला असता." तो ऐकून न ऐकल्यासारखं करे. त्यानं कधी घोडीले चाबूक लावला नाही, कधी अफूची गोळी चारली नाही. दुसरे चारतात. गोळी चारलेली घोडी डोळे अर्धे मिटून चालते, आन गोळी उतरली का काय करन याचा नेम नाही. म्हणून आम्ही नत्थूजीच्याच वराती धरत होतो.

त्याच्या हिशेबानं घोड्या तीन प्रकारच्या: ठंडी, कुनकुनी म्हणजे कोमट, आन गरम. पारखायची त्याची एक रीत होती, ती साऱ्या नागपुरातल्या घोडीवाल्याइले माहीत होती. दूरदूरचे लोकं घोडी घेऊन त्याच्याकडं येत होते, का भाऊ, सांगा हे कसं जनावर आहे. तो घमेल्यात भिजवलेले चणे टाकून घोडीपुढं ठेवे. ती खायला लागली का मागून तेलाचा रिकामा डबा बडवे. मंग फटाक्याची लड लावे. मंग बँडवाल्याचा मोठा ढोल कानाजवळ. एवढं होऊन घोडी खातच राहिली, तं ठंडी. तोंड काढून इकडंतिकडं पाहिलं आन पुन्हा घमेल्यात घातलं, तं कुनकुनी, म्हणजे चालन, पण नाचणाऱ्याइपासून दूर ठेवा. घमेलं उलथवून पळाली, तं गरम, आल्या पावली घरी न्या. तोंड पाहून तो कधी बोलला नाही, खानदान पाहून तं नाहीच नाही. खाणं पाहे.

त्याची जुनी घोडी बर्फी, ती इतकी ठंडी का तिच्या पायात एकदा अनार फुटला, तं तिनं खाली वाकून हुंगलं. ती पावसाळ्यात पोट फुगून मेली. नत्थूजी दोन दिवस त्या रिकाम्या खुंट्यापाशी बसून राहिला. पण तुळशीचं लग्न लागलं का सीझन सुरू होते, आन सीझन कोणासाठी थांबत नाही. बँडवाले गोळीवाल्या घोडीवाल्याकडं जायची भाषा करून राहिले होते. आम्हा बायाइचा जीव टांगणीले लागला, का आता त्या झोपाळू घोड्याइपुढं चालायचं का काय!

तेव्हा शेवंती आली.

पुण्याकडचा एक दलाल तिले घेऊन आला होता. रेसमधून काढून टाकलेली, पांढरीशुभ्र, उंच. बर्फी गोलमटोल होती, ही सडसडीत. कातडी इतकी पातळ का आतल्या शिरा दिसत होत्या. तांडापेठेच्या त्या बोळीत ती आली तं लोकं घराबाहेर येऊन पाहायले लागले, पोट्टे मोबाइल काढून रील बनवायले लागले. नत्थूजी तिच्याभोवती फिरून राहिला होता आन मी त्याचं तोंड पाहून राहिली होती. बाप्पा! असा हरखलेला माणूस मी त्याच्या पोरीच्या बारशालेही पाहिला नव्हता.

त्यानं घोड्याइचे डॉक्टर सुमंत साहेबाले बोलावलं. मिहानच्या तिकडं घोडेस्वारी शिकवायचा एक क्लब आहे, तिथले घोडे ते पाहतात. भला माणूस, नत्थूजीच्या आंगणात पाटावर बसून चहा प्यायला. त्यानं घोडीचे दात पाहिले, पाय पाहिले, आन म्हणाला, "नत्थूजी, जनावर निरोगी आहे. पण ही थरोब्रेड आहे, गरम रक्ताची. वरातीचं काम हिचं नाही."

कामिनी दारातून म्हणाली, "साहेब, गरम रक्त म्हणजे थर्मामीटर लावला तं जास्त दाखवते का?"

डॉक्टर हसले. "नाही हो ताई. सगळ्या घोड्यांचं रक्त सारखंच गरम असतं. ही नावं बांध्याची आणि स्वभावाची आहेत. अरबी घोडा, रेसचा थरोब्रेड, हे गरम रक्ताचे. आपल्या मारवाडी-काठेवाडीलाही बरेच जण त्यातच धरतात. पातळ कातडी, लांब पाय, वाऱ्यानं पान हललं तरी अंगात वीज. कोल्डब्लड म्हणजे ठंड्या रक्ताचे, ते थंड मुलखातले धिप्पाड घोडे, नांगर ओढणारे, ओंडके ओढणारे. आणि या दोघांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्या घालून तिकडच्या लोकांनी मधला घोडा तयार केला, तो वॉर्मब्लड. अंगात जोर ठंड्याचा, चपळाई गरमची. आमच्या क्लबात एक जर्मन आहे तसा."

"तो मी पाहून आलो," नत्थूजी म्हणाला. "कुनकुना आहे."

"अगदी बरोबर, कुनकुनाच म्हणा," डॉक्टर म्हणाले. त्याइनं मोबाइलवर ठंड्या रक्ताचा एक घोडा दाखवला. पायाच्या खुरांवर केसाचे झुपके, मान खांबासारखी. नत्थूजी लय वेळ पाहून राहिला. म्हणाला, "असा एक भेटला असता साहेब, तं नागपूरच्या साऱ्या वराती झोपेत काढल्या असत्या."

"नागपूरच्या मे महिन्यात त्याला कूलर लावावा लागेल," डॉक्टर म्हणाले, आन सगळे हसले.

मले मात्र ते रक्ताचं बोलणं आवडलं नाही. छपन्न सालात दीक्षा घेतलेलं घर आमचं. अमक्याचं रक्त असं, तमक्याचं रक्त तसं, हे ऐकून ऐकून आमच्या आजोबाचे कान किटले होते, म्हणून तं ते उठले होते. मी तोंडावरच म्हटलं, "साहेब, जन्मावरून जनावराले नाव ठेवता का?"

डॉक्टर चिडले नाही. म्हणाले, "जात एवढंच सांगते, की साधारण काय होईल. ही एक घोडी काय करेल, ते जात नाही सांगत. ते हिलाच विचारावं लागेल."

"मंग विचारू ना," नत्थूजी उठला. "आत्ताच विचारू."

घमेलं आलं. चणे आले. शेवंतीनं एक घास घेतला. नत्थूजीनं मागून डबा बडवला.

घोडी जागची हलली नाही. कान समोर, मान ताठ, चारी पाय जमिनीत रोवलेले. लड लावली. बोळीतले कुत्रे भुंकत पळाले, धूर झाला, पण ही हलली नाही. बँडवाला ढोल घेऊन आला, कानापाशी दणादण वाजवला, तरी हलली नाही. डॉक्टर पाटावरून उठून उभे राहिले. "कमाल आहे," ते म्हणाले. "इतकी शांत थरोब्रेड मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. नत्थूजी, मी माझा शब्द मागं घेतो."

नत्थूजीच्या तोंडावर असा उजेड पडला म्हणता!

तेव्हा कामिनी बोलली. "अवो, पण ती खाऊन नाही राहिली."

"उभी तं आहे ना! जराशी तरी हलली का?"

"हलली नाही. पण खाल्लंही नाही. पहिल्या घासानंतर तिनं तोंडच नाही घातलं. तुम्हीच तं म्हणता, खाईन ती ठंडी."

नत्थूजीनं घमेल्याकडं एकदा पाहिलं. मंग म्हणाला, "नवीन जागा आहे वं. लग्न होऊन या घरात आली तं तूही तीन दिवस जेवली नव्हती. तू का गरम होती?"

सारं आंगण हसलं. डॉक्टर हसले, बँडवाला हसला, कामिनी लाजून आत गेली. आन हसण्यात ती गोष्ट गेली. नत्थूजीनं शेवंतीच्या मानेवर हात ठेवला. मानेले घाम होता, तो त्यानं आपल्या दुपट्ट्यानं पुसला, आन म्हणाला, "ठंडी."

ज्या रीतीवर त्यानं जिंदगी काढली, ती रीत त्यानं त्या दिवशी स्वतःच मोडली. मले आजही त्याचा राग येते. दुसऱ्या कोणाची घोडी असती ना, तं त्यानं घमेल्यात तसेच राहिलेले चणे दाखवले असते आन हात जोडून परत पाठवलं असतं. पण घोडी मनात भरली होती, आन सीझन दारात होता.

वराती सुरू झाल्या. खोटं काहून बोलू, पहिल्या वराती अशा झाल्या का लोकाइनं नाव काढलं. डीजेच्या भिंती हादरत होत्या, ड्रोन डोक्यावर घुंघुं करे, शेवंती आपली ताठ. थांबवलं का थांबे, चालवलं का चाले. ज्या लग्नात ती जाये, तिथला फोटोवाला नवरदेवापेक्षा तिचेच फोटो जास्त काढे. कामिनीही मंग काही बोलली नाही. एकदा फक्त मले म्हणाली, "माया, वरातीतून घरी आल्यावर ती रातभर चणे खाते वं. आन तिथं एक दाणा नाही घेत." मी म्हटलं, "लाजत असन, तुझ्यासारखी." ती हसली.

डिसेंबरात काटोल रोडच्या बाजूले एका लॉनवर लग्न होतं. दिवेलागणीची वेळ. नवरीकडच्या पोरीइनं मस्करी म्हणून लॉनचं मोठं लोखंडी गेट आतून लावून घेतलं होतं, का आधी जिजाजी गाणं म्हणा, मंग आत या. असं करतात आजकाल. गेटपुढं रस्ता अरुंद, एका बाजूले भिंत, दुसऱ्या बाजूले उभ्या गाड्या. आमच्या दोन्ही रांगा आत दबल्या. शेवंतीले नवरदेवासकट दोन रांगांच्या मधात आणून गेटासमोर उभं केलं. इकडून झुंबरं, तिकडून झुंबरं, पुढं लोखंड. पोरीइचं बोलणं ऐकू यावं म्हणून डीजे बंद केला. एकदम सूनसान झालं.

मी घोडीच्या खांद्यापाशी होती. तिचं आंग थरथरून राहिलं होतं. मले वाटलं, हवा थंड आहे. कामिनीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, मंग नत्थूजीकडं पाहिलं. ती काही म्हणणार होती, असं मले आजही वाटते. नवरदेवानं कसंतरी गाण्याचं एक कडवं म्हटलं, पोरी खिदळल्या, आतून कोणीतरी कडी पाडली, आन गेटाची दोन्ही कवाडं धाडकन उघडून भिंतीवर आपटली.

शेवंती सुटली.

ती बिचकली नाही हो. बिचकलेलं जनावर मागं हटते, उधळते, चाळे करते. ही सरळ पुढं गेली, नाकाच्या रेषेत, जितका जोर आंगात होता तितक्या जोरानं. नवरदेव पहिल्याच उडीत खाली आला. लगाम नत्थूजीच्या हातातून चामडी घेऊन गेला. एक कवाड आपटून परत येत होतं, ते चुकवायले ती जराशी डावीकडं आली, आन कामिनी आन माझ्यामधल्या वायरीत तिचा पुढचा पाय गेला. माझ्या बाजूचा जोड तुटला, म्हणून मी नुसती तोंडावर आपटली. कामिनीच्या बाजूचा नाही तुटला. वायर तिच्या कमरेले होती.

ती फरफटत गेली. गालिच्यावरून, जेवणाच्या टेबलाइमधून, स्टेजपर्यंत. नत्थूजी मागं धावून राहिला होता, "थांब वं माय, थांब" असं ओरडून राहिला होता, आन मले आजही कळत नाही का तो घोडीले म्हणत होता का बायकोले. स्टेजपाशी पडद्यात गुंतून घोडी थांबली. तिचाही पाय वायरीनं कापला होता.

दवाखान्यात नेताना कामिनी शुद्धीवर होती. तिचं डोकं माझ्या मांडीवर. म्हणाली, "खुशीले फोन नोको करू, तिची आज ड्युटी आहे." खुशी तिची एकुलती एक पोरगी, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीले. मी फोन केला. खुशी पोचली तेव्हा आईले तिची ओळख पटली, एवढं तरी झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी कामिनी गेली.

आन लग्न? लागलं ना! त्याच सांजी लागलं. नवरदेवाचा हात गळ्यात बांधला, फुटलेली झुंबरं झाडून काढली, गालिचा बदलला, आन मंगलाष्टकं झाली. कोणी म्हणालं मुहूर्त टळू नये. मरो तुमचा मुहूर्त! एका बाईचं रक्त पुसून तिथं अक्षता टाकल्या, आन जेवणाच्या पंगती उठल्या. मी हे विसरणार नाही.

डॉक्टर सुमंत घोडीच्या पायाले टाके घालायले आले. मान खाली घालून काम केलं त्याइनं. मंग हात धुता धुता म्हणाले, "नत्थूजी, मला आधीच सुचायला हवं होतं. रेसमध्ये घोड्याला अरुंद लोखंडी खणात उभं करतात. दोन्ही बाजूंना दुसरे घोडे, पुढं बंद फाटक. लहानपणापासून शिकवतात, गोंगाट कितीही होवो, इथं हलायचं नाही. आणि फाटक धाडकन उघडलं, की जीव तोडून पळायचं. तुम्ही डबा बडवला तेव्हा ती तेच करत होती. फाटकाची वाट पाहत उभी होती."

"म्हणजे ती ठंडी नव्हती," नत्थूजी म्हणाला.

"नाही."

"रोज वरातीत, सारा वेळ, ती तशीच..."

"हो. आतून पेटलेली."

नत्थूजी गोठ्याच्या भिंतीले टेकून खाली बसला. तो त्या दिवशी पहिल्यांदा रडला. मसणात नव्हता रडला. मले त्याची कीव आली आन त्याच वेळी त्याले दोन कानाखाली ठेवून द्याव्या असं वाटलं, दोन्ही खरं आहे. डॉक्टरही चुकले होते. पण डॉक्टर पुस्तकावरून चुकले नव्हते, पुस्तक तं बरोबर सांगत होतं. ते आपल्या डोळ्यानं पाहून चुकले. आन नत्थूजीच्या दारात एक बाई उभी होती, तिले बरोबर दिसलं होतं.

पोलिसाइनं अपघात म्हणून लिहून घेतलं. घोडी घरी आली. पायाची नस गेली होती, आता तिच्यानं पळणं होणार नव्हतं, क्लबवाले घेणार नव्हते. जनावराइच्या आश्रमात विचारलं, ते म्हणाले घोडे ठेवत नाही. कसायाले नत्थूजी देणार नव्हता. चालणं मात्र ती छान चाले. म्हणजे तिच्या लायक काम एकच उरलं होतं, वरात.

खुशी आईच्या दिवसापुरती सुट्टी काढून घरी होती. आंगणात गेली का समोर शेवंती. ती डोक्यावरून पदर घेऊन जाये, पाहू नये म्हणून. एकदा मले म्हणाली, "मावशी, बाबा तिले रोज सकाळी भाकर चारतात. आईच्या हातची तव्यावरची पहिली भाकर तिलेच जायची, ते अजून तसंच करतात. मले घरात श्वास नाही घेववत." मी तिच्या बापाले बोलली, चांगलं खडसावून बोलली, का या घोडीले कुठंही काढा, पण काढा. तो म्हणाला, "पाहतो."

मंग रामटेकहून नानाजी आला. तोही वरातीचाच घोडीवाला, नत्थूजीचा जुना ओळखीचा. त्याची घोडी म्हातारी झाली होती. त्यानं शेवंतीले चारी बाजूनं पाहिलं, चालवून पाहिलं, मान डोलवली. "मी घेतो," तो म्हणाला. "इकडं नागपुरात तिचं नाव खराब झालं, पण आमच्याकडं कोणाले ठाऊक नाही. तू फक्त माझ्या माणसाइसमोर एकदा म्हण, नत्थू. ठंडी आहे म्हण. तुझा शब्द आहे म्हटलं, का बाया डोळे मिटून पुढं चालतात."

आंगणात आम्ही तिघं-चौघं होतो. नानाजीचे दोन माणसं फाटकाशी दोर घेऊन उभे. खुशी दारात. तिच्या तोंडावर मी कितीक दिवसात पहिल्यांदा जरासं सैल झाल्यासारखं पाहिलं. आज ही घरातून जाईन, एवढंच तिच्या मनात होतं. माझ्याही मनात तेच होतं. मी म्हटलं, "म्हणून टाका, भाऊ. गेट नका लावू म्हणून नानाजीले सांगून द्या, झालं."

"नानाजी नेहमी थोडीच घोडीपाशी राहीन," नत्थूजी म्हणाला.

"अरे पण आता तुले माहीत आहे ना ती काहून पळाली ते," नानाजी म्हणाला. "मीही ध्यान ठेवीन."

"ते एक माहीत आहे. बाकी तिच्या डोक्यात काय काय भरलं आहे, ते मले नाही माहीत." तो शेवंतीजवळ गेला. तिच्या मानेले त्यानं हात नाही लावला. नानाजीच्या माणसाइकडं तोंड करून, त्याइले साफ ऐकू जाईन असं म्हणाला, "गरम आहे. माझी बाई हिनंच मारली. हिच्यापुढं कोणाच्या घरच्या बाया उभ्या करू नका."

"तू येडा आहे, नत्थू," नानाजी म्हणाला, आन दोर गुंडाळून माणसं घेऊन निघून गेला.

खरं सांगू? मले बरं वाटलं. रामटेकलेही माझ्यासारख्या बाया आहेत, त्याइच्याही कमरेले वायर राहते. हा माणूस बुडत बुडत का होईना, खरं बोलला, असं मले वाटलं. मी हे म्हणणारही होती. तेवढ्यात खुशी घरातून आपली थैली भरून बाहेर आली. मिहानच्या बाजूले तिच्या कंपनीतल्या पोरी खोली करून राहतात, तिथं चालली होती.

"खुशी," नत्थूजी म्हणाला, "अवं, मी का चुकीचं बोललो?"

"नाही बाबा. बरोबर बोलले." ती चप्पल घालून राहिली होती, मान वर केली नाही. "हाच शब्द तेव्हा म्हणायचा होता."

"तेव्हा म्हटलं असतं, तं दारात घोडी राहिली नसती बेटा. सीझन गेला असता."

"हाव," खुशी म्हणाली. "आन आई राहिली असती."

ती गेली. त्यानंतर ती तांडापेठेत आली नाही. बापाचा फोन उचलते, तब्येत विचारते, ठेवते. शेवंती अजून आंगणात आहे.